दम्याची औषधं चालू असताना इन्सुलिनची तपासणी: नमुना देण्याआधी वाचा

नमुना घेण्याआधी आम्ही विचारतो, "औषधं कुठली चालू आहेत?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "बीपीची एक गोळी, बाकी काही नाही." आणि इन्हेलर खिशात असतो. तो ओढायचा असतो, गिळायचा नसतो, म्हणून औषधांत धरलाच जात नाही. मागच्या आठवड्यात दम लागला म्हणून घेतलेल्या पाच दिवसांच्या गोळ्यांचंही तेच. कोर्स संपला, विषय संपला. मग रिपोर्टमधले आकडे जुन्या आकड्यांशी जुळत नाहीत, डॉक्टर "परत करून आणा" म्हणतात आणि पुन्हा एकदा उपाशीपोटी यावं लागतं. तुमची ती खेप वाचावी म्हणून हे पत्रक.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत साखर शिरली की तिच्यापासून ऊर्जा बनते. त्या ऊर्जेमुळे पोटॅशियमची वाट बंद होते, कॅल्शियमची उघडते आणि कॅल्शियम आत आलं की साठवलेलं इन्सुलिन रक्तात सुटतं. दम्याची काही औषधं या साखळीत हात घालतात, काही तिच्या बाहेरून साखर वाढवतात.

दम लागल्यावर ओढायच्या इन्हेलरमधलं साल्बुटामॉल दोन्ही करतं. यकृतातली साठवलेली साखर बाहेर काढतं आणि बीटा पेशींनाही थोडं डिवचतं. पण इथे मात्रा बघा. इन्हेलरच्या एका फवाऱ्यात साधारण 100 मायक्रोग्रॅम औषध असतं, तर नेब्युलायझरच्या नेहमीच्या डोसमध्ये 2.5 मिलिग्रॅम, म्हणजे कागदावर 25 फवारे. दोन फवाऱ्यांनी रिपोर्टमध्ये सहसा फार फरक पडत नाही. पहाटे दोनदा नेब्युलायझर घेऊन सातला नमुना दिला, तर पडू शकतो. त्याचा असर चार ते सहा तास राहतो. म्हणून आम्ही वेळ विचारतो, नुसतं नाव नाही.

थिओफिलीन चहा-कॉफीतल्या कॅफिनच्या कुळातलं. तेही बीटा पेशींना साखरेला जास्त प्रतिसाद द्यायला लावू शकतं. (उपाशीपोटीच्या तपासणीआधी कोरा चहाही नको म्हणतो, त्याचं एक कारण हेच. साधं पाणी हवं तेवढं प्या.) ओढायची स्टेरॉइड नेहमीच्या मात्रेत फारशी गडबड करत नाहीत.

खरा घोळ पोटात घ्यायच्या स्टेरॉइडचा, म्हणजे प्रेडनिसोलोन आणि त्याच्या भावंडांचा. ते इन्सुलिनचा परिणाम बोथट करतं, यकृताला साखर बनवायला लावतं आणि बीटा पेशींनाही दाबतं. फसगत होते ती वेळेची. सकाळी आठला गोळी घेतली की साखर दुपारच्या जेवणानंतर चढते, संध्याकाळपर्यंत चढलेली राहते आणि रात्रीतून उतरते. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटीचा आकडा जवळपास नेहमीसारखा दिसू शकतो. "फास्टिंग नॉर्मल आहे" म्हणून निश्चिंत झालेल्या माणसाची दुपारची साखर बरीच वर गेलेली असू शकते. एचबीए1सीही इथे कामाला येत नाही. ती दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, पाच दिवसांच्या कोर्सने जेमतेम हलते. म्हणून कोर्स चालू असेल तर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी दुसरा नमुना द्या, असं आम्ही सुचवतो. बिल वाढवायला सांगतात, असं काहींना वाटतं. पण स्टेरॉइडच्या दिवसांत एकच नमुना द्यायचा असेल, तर सकाळचा सोडा आणि दुपारचा द्या, असंही आम्हीच सांगतो.

तपासणी फक्त नेहमीची स्थिती कळावी म्हणून असेल, तर कोर्स संपल्यावर आठवडाभराने करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. मात्र रिपोर्ट "स्वच्छ" यावा म्हणून दम्याचं कुठलंही औषध आपल्या मनाने थांबवू नका. स्टेरॉइड तर मुळीच नाही; बरेच दिवस चालू असलेलं एकदम तोडणं धोक्याचं. नमुन्याआधी दम लागला तर इन्हेलर घ्या, किती वाजता घेतला ते सांगा, आम्ही फॉर्मवर लिहू.

हल्ली आणखी एक प्रश्न येतो: "दम्याच्या गोळीने इन्सुलिन वाढतं म्हणे, मग शुगरसाठी तीच घेऊ का?" ही चर्चा झाफिरलुकास्टची. प्रयोगशाळेत वाढवलेल्या बीटा पेशींवर हे औषध टाकल्यावर कॅल्शियम जास्त आत शिरलं आणि इन्सुलिन जास्त सुटलं, हे खरं. पण ताटलीतल्या पेशी वेगळ्या आणि माणूस वेगळा. मधुमेहावरचं औषध म्हणून त्याला मान्यता नाही आणि क्वचित यकृताला गंभीर इजा झाल्याची नोंद आहे. तुमच्या पाकिटावर मॉन्टेलुकास्ट लिहिलं असेल, तर ते त्याच गटातलं असलं तरी औषध निराळं. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावू नका. दोन्हींपैकी काही घेत असाल तर तेही फॉर्मवर येऊ द्या.

इन्सुलिनसोबत सी-पेप्टाइड (इन्सुलिन बनताना सुटा होणारा तुकडा) का सुचवतो, हेही सांगून टाकतो. बीटा पेशी दोन्ही सारख्याच संख्येने सोडतात. पण इन्सुलिनचा मोठा भाग यकृत पहिल्याच फेरीत गिळतं आणि रक्तात ते दर चार-सहा मिनिटांनी निम्मं होतं. सी-पेप्टाइडला त्यासाठी अर्धा तास लागतो, त्यामुळे त्याचा आकडा कमी डळमळतो. इन्सुलिनची इंजेक्शनं घेत असाल तर स्वतःचं इन्सुलिन किती बनतंय हे त्यातूनच कळतं, कारण इंजेक्शनात सी-पेप्टाइड नसतं. किडनीचा त्रास असेल तर मात्र ते खोटं वाढतं. तसं आधी सांगा. सुई एकदाच टोचावी लागते.

कधी आम्हीच फोन करून नमुना परत मागतो. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं एन्झाइम इन्सुलिन खातं आणि आकडा कमी येतो. तसा नमुना मशीनला लावून रिपोर्ट देता येईल, पण आम्ही देत नाही.

येताना औषधांची पाकिटं आणि इन्हेलर पिशवीत टाकून आणा. "निळा पंप" म्हणून भागत नाही, नाव आणि मात्रा वाचावी लागते. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असाल तर त्यांचंही पाकीट आणा; काही मशीनवर त्यांनी इन्सुलिनचा आकडा खोटा कमी दिसतो. आदल्या दिवशी फोटो पाठवलेत तर फॉर्म आम्हीच भरून ठेवतो, सकाळी फक्त घेतल्याची वेळ सांगायची.