कंपनी पणजीची, म्हणून कायदाही इथलाच?

पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये माणूस नेमायचा, करार पणजीत करायचा, म्हणजे भारतीय नियम चालतात, हा समज गोव्यात जुनाच. तो चुकीचा आहे. माणूस जिथे बसून काम करतो, तिथलेच कामगार कायदे सहसा लागू होतात.

पोर्तुगालमध्ये वर्षाला पगार १२ नव्हे, १४: जादाचे दोन म्हणजे एक सुट्टीचा, एक नाताळचा. (आपल्याकडे चतुर्थीच्या बोनसवरूनच किती घासाघीस!) शिवाय सामाजिक सुरक्षेपोटी साधारणपणे मालकाचे पगाराच्या २३.७५ टक्के, कामगाराच्या पगारातून ११ टक्के. वर्षाला किमान २२ दिवस भरपगारी रजा.

करारात ‘फ्रीलान्सर’ (नोकर नसलेला, स्वतंत्रपणे काम करणारा) लिहिलं की सुटलो? नाही. त्याच्या कामाची वेळ तुमची कंपनी ठरवते, लॅपटॉप कंपनीचा, दरमहा ठरलेली रक्कम कंपनी देते, तर कायदा त्याला नोकरीच धरू शकतो.