६५०२ वर सीचा कोड का फुगतो?

"आठ-बिटी यंत्रावर सी नको, तिथे असेंब्लीच हवी," असं जुन्या संगणकांचे हौशी सर्रास सांगतात. असेंब्ली म्हणजे प्रोसेसरच्या एकेक आज्ञा हाताने लिहिणं. सी ही प्रोग्रॅमिंग भाषाही तिथे चालते, पीसीवरच्या सवयी चालत नाहीत.

मॉस टेक्नॉलॉजीचा १९७५ चा ६५०२ हा प्रोसेसर घ्या. ॲपल टू त्यावरच चालायचा, आणि क्लास या संगणक-साक्षरता प्रकल्पातून आपल्याकडच्या शाळांत आलेला बीबीसी मायक्रोही. ६५०२चा हार्डवेअर स्टॅक (तात्पुरत्या नोंदींची जागा) जेमतेम २५६ बाइटचा. लोकल, म्हणजे एका फंक्शनपुरती व्हेरिएबल्स त्यात मावणार कशी? म्हणून सीसी६५ हा कंपायलर (सीचं यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) मेमरीत वेगळा सॉफ्टवेअर स्टॅक उभारतो आणि त्याचा पॉइंटर, म्हणजे पत्ता, झीरो पेजमध्ये (मेमरीच्या पहिल्या २५६ बाइटांत) ठेवतो. खरी मेख इथे आहे.

स्टॅकवरचं अनसाइन्ड कॅर, म्हणजे एका बाइटचं व्हेरिएबल, एकने वाढवायचं, तर वाय रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यात) ऑफसेट, म्हणजे पॉइंटरपासूनचं अंतर, भरा (२ बाइट), कॅरी, म्हणजे हातचा, पुसा (१), ए रजिस्टरमध्ये १ भरा (२), पॉइंटरमार्फत बेरीज करा (२), उत्तर तिथेच ठेवा (२). झाले ९ बाइट. तेच व्हेरिएबल स्टॅटिक केलं की पत्ता कायमचा ठरतो आणि 'एकने वाढवा' सांगणाऱ्या एका आयएनसी आज्ञेवर भागतं: ३ बाइट. झीरो पेजमध्ये असेल तर २. स्टॅटिक इंट (दोन बाइटचा पूर्णांक) घेतलात, तर खालचा बाइट वाढवा, तो शून्य झाला नसेल तर उडी मारा, झाला असेल तर वरचाही वाढवा, म्हणजे ८. शंभरपर्यंत मोजायला इंट ही निव्वळ उधळपट्टी.

स्टॅटिक-लोकल्स हा पर्याय दिला की कंपायलर हे सगळीकडे आपणहून करतो. पण मग स्वतःला बोलावणारं फंक्शन बिघडतं, कारण प्रत्येक फेरी आधीच्या फेरीचीच व्हेरिएबल्स खोडते. हाताने स्टॅटिक लिहिताना घोषणेतच शून्य देऊ नका. ते एकदाच भरलं जातं, दुसऱ्या वेळी जुनाच आकडा हाती येतो. शून्य वेगळ्या ओळीत भरा.

नावं आखूड करून किंवा कॉमेंट खोडून मात्र एक बाइटही वाचत नाही. ती बेसिक भाषेच्या काळातली सवय. तिथे आरईएमची, म्हणजे कॉमेंटची, ओळ खरोखरच मेमरी खायची.

प्रिंटएफ हे छापण्याचं फंक्शन एकदा जरी वापरलंत, तरी फॉरमॅटिंगचा सगळा लवाजमा मागोमाग येतो. नुसता मजकूर छापायला सीपुट्स पुरे. स्ट्रक्टच्या (अनेक फील्ड एकत्र बांधलेल्या गठ्ठ्याच्या) ॲरेऐवजी प्रत्येक फील्डचा वेगळा बाइट-ॲरे करा, म्हणजे इंडेक्सचा गुणाकार वाचतो. २५६ घटकांपर्यंत वाय रजिस्टर थेट इंडेक्स म्हणून चालतं. आणि ऑप्टिमायझेशनच्या पर्यायांतलं 'आय' हे अक्षर जपून वापरा: ते जास्त कोड इनलाइन करतं, त्यामुळे वेग वाढतो, पण आकारही वाढू शकतो. प्रत्येक बदलानंतर लिंकरची (तुकडे जोडून अंतिम प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाची) मॅप फाइल उघडून सेगमेंटचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या प्रत्येक भागाचा, आकार पाहा.