कोल्हापुरात यूडीआयडी कार्ड आणि निरामय विमा: कुठनं सुरुवात करायची, काय काय लागतं

आमचा मुलगा तीन वर्षाचा झाला तरी बोलत नव्हता, घरात सगळे म्हणायचे ह्याचा बाप पण उशिराच बोललाय, आणि त्यात आमचं दीड वर्ष गेलं. ऑटिझमचं निदान झाल्यावर पण यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढायला आम्ही थांबलो, पोराला शिक्का बसेल म्हणून. तसं थांबू नका. शाळेतल्या सवलती, विमा, एसटीचं ७५ टक्के सवलतीचं तिकीट, सगळ्याला पहिल्यांदा यूडीआयडीच मागतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि लर्निंग डिसॅबिलिटी (लिहिण्यावाचण्यातली अडचण) येतात. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) वेगळा प्रकार म्हणून त्यात नाही. आणि बहुतेक योजनांना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

यूडीआयडीचा अर्ज स्वावलंबन कार्ड नावाच्या सरकारी पोर्टलवर फुकट भरता येतो, एजंटला पैसे द्यायची काही गरज नाही. मुलाचं आधार, अलीकडचा फोटो, पत्त्याचा पुरावा आणि तुमचा चालू मोबाईल नंबर एवढं जवळ ठेवा. नावाचं स्पेलिंग आधारवर आहे तस्संच टाका, आमच्यात एका अक्षराचा फरक होता आणि तेवढ्यासाठी सगळं परत करावं लागलं. तपासणीसाठी हॉस्पिटल निवडताना मेंदूविकाराच्या किंवा मानसिक तपासणीची सोय तिथं आहे का ते आधी फोन करून विचारा, गडहिंग्लज चंदगडकडच्या लोकांनी तर नक्कीच, नाहीतर पोराला घेऊन कोल्हापुरात सीपीआर या सरकारी हॉस्पिटलपर्यंत आलात आणि त्यादिवशी डॉक्टरच नाहीत असं नको व्हायला.

आता तपासणीचा दिवस, इथं लई पालक चुकतात. आपल्याला वाटतं पोरगं हुशार दिसावं, मग आपण म्हणतो म्हण बाळा कविता, दाखव डॉक्टरना. पण डॉक्टरांना बघायचं असतं की रोजच्या जगण्यात त्याला मदत किती लागते, स्वतः जेवतो का, संडासला सांगतो का, रस्त्यावर हात सोडून पळतो का, आवाज झाला की काय करतो. हे खरं खरं सांगा, वाढवून नको आणि लपवून तर अजिबात नको. घरातले दोन चार व्हिडिओ मोबाईलमध्ये ठेवा, कारण नवीन जागेत पोरं एकदम गप्प बसतात नाहीतर उलट आकांत करतात. थेरपीचे, आयक्यूचे, शाळेचे जे रिपोर्ट असतील ते ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही न्या, आणि त्याच्या आवडीचा खाऊ, कारण नंबर कधी लागेल सांगता येत नाही. ऑटिझमला इसा नावाच्या प्रश्नावलीवर गुण काढतात. लर्निंग डिसॅबिलिटीचा दाखला ८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. लहान मुलांना बऱ्याचदा तात्पुरता दाखला देतात, त्यावरची मुदत बघून ठेवा. दाखल्यावरचे टक्के पटले नाहीत तर त्याच २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं.

कार्ड ४० पासून ८० टक्क्याच्या आत असेल तर पिवळं, ८० आणि त्याच्या वर निळं, ४० च्या खाली पांढरं.

कार्ड आलं की लगेच निरामय भरा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा हा आरोग्य विमा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांनाच आहे, लर्निंग डिसॅबिलिटीला नाही. वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर, आधी मेडिकल तपासणी नाही, वयाची अट नाही, आणि मुख्य म्हणजे ओपीडी आणि थेरपीचा खर्च पण त्यात बसतो, जो बाकीचे विमे सहसा देत नाहीत. पहिली फी दारिद्र्यरेषेखालच्यांना २५०, बाकीच्यांना ५०० रुपये. यूडीआयडी, आधार, पत्ता, बँक पासबुक आणि फी कमी हवी असेल तर बीपीएलचा पुरावा, एवढंच. पैसे आधी आपण भरायचे मग क्लेम करायचा, त्यामुळं थेरपीचं प्रत्येक बिल सही शिक्क्यासकट जपून ठेवा. आणि रिन्यूअल दरवर्षी मार्च संपायच्या आत करा.

मुलगा किंवा मुलगी १८ ची होत आली असेल तर अजून एक काम आहे. १८ नंतर कायद्यानं आपण आपोआप त्यांचे पालक राहत नाही, निरामयमधल्या याच चार प्रकारांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडं कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. वाढदिवसाच्या थोडं आधीच कलेक्टर ऑफिसला जाऊन फॉर्म घेऊन या.