जंगलातला वाटा आणि जंगलावरचा हक्क

राज्याच्या वनविभागाचे मुख्यालय नागपुरात आहे, त्यामुळे गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलांचा विषय या शहरात सतत निघतो. मात्र त्या चर्चेत संयुक्त वनव्यवस्थापन आणि सामूहिक वनहक्क हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. दोन्हींत गाव असते, समिती असते, जंगल राखण्याची जबाबदारीही असते, म्हणून ही गल्लत होते.

संयुक्त वनव्यवस्थापनाचा उगम केंद्र सरकारच्या १ जून १९९० च्या परिपत्रकात आहे. त्यात जंगल वनविभागाचेच राहते; गावाने राखण करायची आणि ठरलेला वाटा घ्यायचा. तो वाटा शासन निर्णयाने ठरतो आणि शासन निर्णयानेच बदलू शकतो.

सामूहिक वनहक्क २००६ च्या वनहक्क कायद्यावर उभा आहे. हा कायदा गावाला नवे काही बहाल करत नाही, तर पूर्वापार चालत आलेल्या हक्काला मान्यता देतो, आणि मला हाच भेद सर्वांत मोलाचा वाटतो. येथे निर्णय ग्रामसभेचा, म्हणजे गावातील सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांचा असतो. अनेक गावांची मिळून असलेली ग्रामपंचायत ही त्याहून वेगळी. बांबू आणि तेंदूपाने या कायद्यात गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून झाडाझुडपांपासून मिळणारे जंगलातील उत्पन्न, ठरतात, म्हणून ती गोळा करून विकण्याचा हक्कही गावाचाच. तरीही धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाल्यानंतर, बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. परवान्याशिवाय बांबू बाहेर नेता येत नाही, आणि बाहेर न जाणाऱ्या बांबूला भाव मिळत नाही. परवाना आला, तेव्हा कालपर्यंत मजुरीवर बांबू तोडणारे गाव त्याच बांबूचे विक्रेते झाले.

गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये १,००६ हेक्टरांवर हक्क मिळाला. तेथील ग्रामसभेने बांबूतून गावातच रोजगार उभा केला. परंतु तेंदूपानांसाठी झाडे छाटली जातात आणि जंगलात आगी लावल्या जातात, म्हणून तेंदूचे संकलन थांबवले. ऐन उन्हाळ्यात हाती येणारी रोकड जंगलासाठी सोडून द्यायची की नाही, हे नुसता वाटा घेणाऱ्या गावाला कोणी विचारत नाही; पाचगावात ते ग्रामसभेने बसून ठरवले.