डोपित ऑक्साइडांचे प्रकाश-उत्प्रेरण

टिटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड अशा अर्धसंवाहक ऑक्साइडांच्या नॅनोकणांत दुसऱ्या मूलद्रव्याची अल्प भर घालून, प्रकाशाच्या साहाय्याने पाण्यातील रंग, कीटकनाशके, औषधांचे अंश इत्यादी प्रदूषके मोडण्याची पद्धत. मुद्दाम केलेल्या या भेसळीला डोपिंग म्हणतात.

भेसळ का लागते, ते टिटॅनियम डायऑक्साइडच्या रंगातच दिसते. भिंतीच्या रंगात वापरतात तीच ही पांढरीशुभ्र पूड. पांढरी, म्हणजे दृश्य प्रकाश जवळजवळ सगळा परतवणारी. तिच्या अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपातील ऊर्जाफट, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या ऊर्जापट्ट्यात जायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. ती ओलांडायला साधारण ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचे अतिनील किरण लागतात आणि उन्हात त्यांचा वाटा जेमतेम ४-५ टक्के. असा किरण पडला की इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात जातो व मागे धनभारित रिकामी जागा, म्हणजे ‘होल’ उरते. होलमुळे पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील अणुगट) बनतो, इलेक्ट्रॉनमुळे विरघळलेल्या ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड. हे दोन्ही सेंद्रिय रेणूंचे तुकडे पाडतात.

अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये याच ऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाशाने पाण्याचे विघटन दाखवले. फ्रँक व बार्ड यांनी १९७७ मध्ये त्याच्याच पुडीने प्रकाशात पाण्यातील सायनाइड मोडून दाखवले. नायट्रोजन डोप केलेली पूड ५०० नॅनोमीटरच्या आतील दृश्य प्रकाशातही चालते, हे आसाही व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले. ही पूड पिवळसर दिसते, कारण ती निळा प्रकाश शोषते.

लोह, तांबे यांसारखे धातूही डोप करतात, पण प्रमाण चुकले की डाव उलटतो: इलेक्ट्रॉन आणि होल भेसळीच्या अणूंपाशीच अडकून एकमेकांत विलीन होतात.

प्रयोगशाळेत चाचणीसाठी बहुधा मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे द्रावण घेतात. पूड घालून ते आधी अंधारात ढवळत ठेवतात, कारण काही रंग कणांना नुसताच चिकटतो. मग दिवा लावून ठरावीक वेळाने नमुना काढायचा, पूड वेगळी करायची आणि ६६४ नॅनोमीटरला शोषण मोजायचे. निळा रंग फिकटताना पाहणे सुखद असले, तरी हा पुरावा कच्चा आहे. मिथिलीन ब्लू स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो व त्यामुळेही फिकटू शकतो, शिवाय रंग गेल्यावरही रेणूचे बिनरंगी तुकडे पाण्यात राहू शकतात. म्हणून एकूण सेंद्रिय कार्बन मोजलेला निष्कर्ष अधिक भरवशाचा.

खऱ्या सांडपाण्यात क्लोराइड व बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलकांना खाऊन टाकतात आणि गढूळपणा प्रकाश अडवतो. झिंक ऑक्साइड तर आम्लात विरघळते. वापरलेले नॅनोकण गाळून काढणेही जिकिरीचे, त्यामुळे ते काचेवर किंवा मण्यांवर बसवतात. पण मग पाण्याशी संपर्क येणारा पृष्ठभाग घटतो.