भोंग्याआधीची पाळी

नागपुरात गांधीसागर तलावाजवळ आज मॉल आहे, तिथे जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल होती. १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली. गिरणीच्या वहीत कापूस, कोळसा, यंत्रं, मजुरी सगळं असायचं. पण भोंगा वाजण्याआधी कुणीतरी पाणी भरलेलं असे, चूल पेटवून भाकरी थापलेल्या असत, म्हाताऱ्या सासूला औषध दिलेलं असे. काल थकून आलेल्या कामगाराला आज पुन्हा साच्यावर उभं करणारी ही पहिली पाळी. तिची हजेरी मात्र नव्हती.

अर्थशास्त्र याला सामाजिक पुनरुत्पादन म्हणतं. शब्द जड आहे, गोष्ट साधी. कामगाराला जेवण, धुणं, मुलांचा सांभाळ हे सगळं विकत घ्यावं लागलं, तर तेवढ्या मजुरीत त्याचं भागणार नाही. घरातली बाई ते फुकट करते, म्हणून मजुरी स्वस्त राहते आणि नफा जमतो.

राष्ट्रीय उत्पन्न मोजायचे नियमही गमतीचे. परसात घरच्यापुरती वांगी पिकवली तर ते उत्पादन. तीच चिरून, शिजवून ताटात वाढली की हिशोबाबाहेर! २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत बायकांचं बिनपगारी घरकाम दिवसाला सरासरी २९९ मिनिटं भरलं, पुरुषांचं ९७. हे ९७ मला जरा जास्तच वाटले. मग कळलं, सरासरी फक्त घरकामाला हात लावणाऱ्यांची आहे, आणि असे पुरुष शंभरात २६.

धरमपेठेसारख्या सुखवस्तू भागातली बाई ऑफिसला निघते तेव्हा घरचं काम संपत नाही, वस्तीतून येणाऱ्या दुसऱ्या बाईच्या अंगावर जातं. तिथे जात आडवी येते: पोळ्या लाटायला कोण आणि संडास धुवायला कोण, हे न बोलता ठरलेलं असतं. अमेरिकेत हेच वंशावर ठरलं. १९३८ च्या किमान वेतन कायद्यात घरकामगार आणि शेतमजूर नव्हते. दक्षिणेकडे ही कामं मुख्यतः काळ्या लोकांकडे होती. घरकामगारांना तो कायदा लागू व्हायला १९७४ उजाडलं.

नागपुरात २० जुलै १९४२ ला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेतल्या बायकांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा द्या, असा ठराव तिथे झाला. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा खाडा कित्येक घरांत आजही पगारातून कापला जातो.