मॉर्गन डॉलर: १९१८च्या भट्टीत काय गेलं?

जुना अमेरिकन चांदीचा डॉलर हाती आला की बहुतेक जण साल पाहतात आणि त्या साली किती नाणी पाडली गेली ते शोधतात. मॉर्गन डॉलरच्या बाबतीत नुसत्या त्या आकड्यावर विसंबलं तर फसायला होतं. कारण शोधत गेलं की आपण थेट मुंबईच्या टांकसाळीत पोचतो.

१८७३च्या कायद्याने अमेरिकेतला नेहमीचा चांदीचा डॉलर बंद झाला. इकडे नेवाडातल्या खाणींतून चांदी भरमसाट निघत होती आणि भाव पडत होते. खाणवाल्यांना आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांना चांदीचं चलन परत हवं होतं. राष्ट्राध्यक्ष हेज यांचा नकाराधिकार डावलून फेब्रुवारी १८७८मध्ये ब्लँड-ॲलिसन कायदा झाला. सरकारने दरमहा २० ते ४० लाख डॉलरची चांदी घ्यायची आणि तिची नाणी पाडायची. इंग्लंडहून आलेल्या जॉर्ज मॉर्गनने छाप कोरली. वजन २६.७३ ग्रॅम, चांदी ९० टक्के. एवढं जड नाणं वागवायला लोक नाखूश, त्यामुळे पोतीच्या पोती सरकारी तिजोऱ्यांत पडून राहिली.

मग पहिलं महायुद्ध आलं. भारतात युद्धखर्चामुळे रुपयांची मागणी वाढली आणि हाती आलेला रुपया लोक घरात दडवू लागले. १९१७च्या अखेरीस एक रुपयाची नोट काढूनही भागेना. नोटेच्या बदल्यात चांदी देणं सरकारला बंधनकारक, आणि साठा तर तळाला गेलेला. ब्रिटनने अमेरिकेकडे चांदी मागितली. २३ एप्रिल १९१८च्या पिटमन कायद्यानुसार २७,०२,३२,७२२ डॉलर वितळवले गेले, म्हणजे तोवर पाडलेल्या डॉलरांपैकी जवळजवळ निम्मे. त्यातल्या सुमारे २६ कोटी नाण्यांची चांदी भारतासाठी विकली गेली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे पंचम जॉर्जचे रुपये झाले. एका डॉलरच्या चांदीत साधारण सव्वादोन रुपये बसत.

वितळवताना कोणत्या सालची, कोणत्या टांकसाळीची किती नाणी भट्टीत गेली, याची नोंद कोणी ठेवली नाही. संग्राहकांची खरी अडचण इथे आहे. न्यू ऑर्लिन्सचा १९०३चा डॉलर पाहा. ४४ लाखांहून जास्त पाडलेला, तरी कोरा नग जवळजवळ दिसतच नसे, म्हणून दुर्मिळांत गणला जाई. १९६२मध्ये फिलाडेल्फियाच्या तिजोरीतून त्याची पोती निघाली आणि १,५०० डॉलरच्या घरातली किंमत कोसळली.

त्यामुळे सालाबरोबर टांकसाळीची खूण पाहायलाच हवी. ती मागच्या बाजूला, गरुडाखालच्या पानांच्या हाराखाली असते: कार्सन सिटीची ‘सीसी’, सॅन फ्रान्सिस्कोची ‘एस’, न्यू ऑर्लिन्सची ‘ओ’ आणि जुन्या नाण्यांपैकी फक्त १९२१च्या नाण्यांवर डेन्व्हरची ‘डी’. फिलाडेल्फियाची खूणच नसते. त्यानंतर झीज बघायची, पुढच्या बाजूवरच्या स्त्रीमुखाच्या कानावरच्या केसांची आणि गरुडाच्या छातीवरच्या पिसांची. आणि कृपा करून चिंच लावून घासू नका. घासलेल्या नाण्याची संग्राहकांतली किंमत उतरते. साधं साल असेल तर ते मोडीच्या भावाच्या आसपासच येतं.

सगळ्यात जपून घ्यावा तो १८९३चा ‘एस’. तो एक लाखच पाडला गेला, म्हणून फिलाडेल्फियाच्या त्याच सालच्या नाण्यावर ‘एस’ चिकटवून तो खपवला जातो. भिंगाखाली त्या अक्षराच्या बुडाशी सांधा दिसतो का, ते आधी पाहावं.